घाटात दमणारी स्कूटर आणि ‘रेसिंग किट’चा मोह
(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गिअर नसलेल्या लहान स्कूटरची ओढ वाढवण्याविषयीची आहेत. वाईच्या वाचकांचा प्रश्न सर्वांत सविस्तर असल्यामुळे आणि त्याच्या उत्तरात इतरांच्या शंकांचाही बराच भाग येऊन जात असल्यामुळे त्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे 2018 मधली 110 सीसीची कार्ब्युरेटर असलेली स्कूटर आहे आणि ती 38 हजार किलोमीटर चालली आहे. नोकरीसाठी मी रोज वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जातो व बहुतेक वेळा मागे सहकारी बसलेले असतात. घाटात गाडी फार दमते. वळणावर वेग कमी झाला की पुन्हा पिकअप घ्यायला वेळ लागतो. एका दुकानदाराने हलके रोलर, कडक काँट्रा स्प्रिंग, फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि इरिडियम प्लग असा संच सुचवला आहे. सगळे एकदम बसवावे काय? नसल्यास कोणत्या क्रमाने बसवावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : सगळे एकदम बसवू नये, आणि या पाचांतील तीन वस्तू तर बसवूच नयेत. परंतु सुटे भाग निवडण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : हीच गाडी नवी असताना हाच घाट कशी चढत होती? तेव्हा ती समाधानकारक चढत असेल, तर आपल्याला नवी ताकद आणायची नसून झिजेमुळे गेलेली ताकद परत मिळवायची आहे, आणि त्या कामाला रेसिंगच्या नव्हे तर कंपनीच्या मूळ भागांची गरज असते. झिजलेल्या बेल्टवर कडक स्प्रिंग चढवली की मूळ दोष झाकला जातो आणि बेल्ट मात्र लवकर तुटतो. तोही बहुधा घाटातच.

38 हजार किलोमीटरनंतर डाव्या बाजूचे सीव्हीटीचे (बेल्ट आणि दोन पुलींच्या, गिअरचे काम आपोआप करणाऱ्या यंत्रणेचे) कव्हर उघडून घेणे हे पहिले काम आहे. बेल्टची रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी आणि ती सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी. बेल्ट अरुंद झाला की पुढच्या पुलीच्या तबकड्या पूर्ण जवळ आल्यावरही तो पुरेसा वर चढत नाही आणि गाडीचा कमाल वेग घटतो. मग व्हेरिएटर (पुढच्या पुलीचा, रोलर असलेला भाग) हातात घेऊन त्यातील सहा रोलर काढावेत. चांगला रोलर बोटांत फिरवला की सर्वत्र सारखा गोल लागतो. झिजलेल्या रोलरवर एका बाजूला सपाट पट्टा तयार झालेला असतो आणि नख फिरवले की त्याची कड स्पष्ट लागते. असा रोलर उतारावरून घरंगळत नाही, घसरत आणि अडखळत सरकतो, त्यामुळे पुली योग्य क्षणी उघडत-मिटत नाही. आपल्याला वळणावर जो उशीर जाणवतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. क्लचचे शू काचेसारखे गुळगुळीत झाले असतील किंवा क्लच बेलवर (शू ज्या वाटीला आतून धरतात तिच्यावर) उष्णतेमुळे निळसर डाग पडले असतील, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

याच खेपेस व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्यावे, पेपर एअर फिल्टर हवा मारून ‘साफ’ न करता सरळ बदलावा आणि गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवून ब्रेक चिकटत नाही ना हे पाहावे. या साध्या कामांना कोणी ट्यूनिंग म्हणत नाही, पण निम्म्याहून अधिक पत्रलेखकांची तक्रार एवढ्यावरच मिटावी असे मला वाटते.

एवढे करूनही गाडी अपुरी वाटली तर व्हेरिएटरकडे वळावे. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे वाढले की केंद्रोत्सारी बलाने रोलर बाहेर सरकतात, पुढच्या पुलीची सरकती तबकडी ढकलतात आणि बेल्ट वर चढून गाडी जणू वरच्या गिअरमध्ये जाते; मागच्या पुलीवरील काँट्रा स्प्रिंग याच्या उलट दिशेने जोर लावत असते. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर स्थिर राहील, हे मुख्यतः या दोघांच्या रस्सीखेचीवर ठरते. रोलर हलके केले की तेवढेच बल निर्माण व्हायला जास्त फेरे लागतात, म्हणून इंजिन वरच्या फेऱ्यांवर राहते. बल वजनाच्या प्रमाणात आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे रोलरचे वजन 10 टक्क्यांनी कमी केल्यास फेरे साधारण 5 टक्क्यांनी वाढतात. 5,500 चे 5,800 होतात.

आता यातून मिळते किती, हेही आकड्यांतच पाहू. आपल्या गाडीच्या वर्गातील ॲक्टिव्हा 5जीचे उदाहरण घेतल्यास तिच्या 109 सीसीच्या इंजिनाची कमाल शक्ती 7,500 फेऱ्यांना सुमारे 8 अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क 5,500 फेऱ्यांना 9 न्यूटन-मीटर आहे. टॉर्क आणि फेरे यांचा हिशेब मांडला तर 5,500 फेऱ्यांवरच हे इंजिन जवळपास 7 अश्वशक्ती देत असते. म्हणजे त्या फेऱ्यांवर धरून ठेवलेल्या इंजिनाकडून रोलर कितीही बदलले तरी त्या उरलेल्या एका अश्वशक्तीच्या आतच काय ते मिळणार, आणि तेही गोंगाट, उष्णता व पेट्रोल यांच्या मोबदल्यात. घाटात हा फरक निश्चित जाणवतो, कारण तिथे गाडी नेमकी त्याच पट्ट्यात घुटमळत असते. पण पाकिटावर ‘30 टक्के जास्त पॉवर’ असे छापलेले असेल तर ते पाकीट बाजूला ठेवावे.

म्हणून निवड अशी करावी. मूळ रोलर काढून सोनाराच्या किंवा एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर तोलावेत. झिजलेल्या रोलरचे वजन थोडे कमी भरते, त्यामुळे शक्य असल्यास नव्याच मूळ संचाचे वजन धरावे. त्यापेक्षा 7 ते 10 टक्के हलका, त्याच व्यासाचा आणि त्याच रुंदीचा संच घ्यावा. नेमके वजन मिळत नसेल तर तीन मूळ वजनाचे आणि तीन हलके रोलर एकाआड एक बसवून मधले वजन साधता येते; फक्त ते एकाआड एकच हवेत, नाहीतर व्हेरिएटर एका अंगाला जड होईल. याहून हलक्या संचाच्या मागे आपल्या कामासाठी लागण्याचे कारण नाही.

काँट्रा स्प्रिंगबाबत मी अधिक सावध आहे. ती कडक केली की चढावर गाडी चटकन जणू खालच्या गिअरमध्ये येते हे खरे, पण बेल्टवरचा दाब कायमचा वाढतो, बेल्ट तापतो आणि सपाट रस्त्यावर इंजिन विनाकारण चढ्या आवाजात चालते. हलके रोलर बसवून आठवडाभर घाट चढून पाहावा आणि तरीही वळणानंतरची ढिलाई राहिलीच, तर मूळच्यापेक्षा किंचितच कडक स्प्रिंग घ्यावी. दोन्ही बदल एकाच दिवशी केले तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही आणि बिघडले तर काय काढावे हेही कळत नाही. क्लचच्या लहान स्प्रिंगांना हातच लावू नये. त्या कडक केल्यास क्लच उशिरा धरतो आणि चढावर डबलसीट गाडी सुरू करताना शू जळण्याचा वास येऊ लागतो.

सायलेन्सर, उघडा फिल्टर आणि प्लग या तिघांना माझा स्पष्ट नकार आहे. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) कंपनीने मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर गृहीत धरून ठरवलेले असतात. दोन्हीकडून अडथळा काढला की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते, इंजिन तापते आणि खालच्या फेऱ्यांची ओढ उलट घटते. मेन जेट बदलून हे सावरता येते, पण तो मुख्यतः पूर्ण ॲक्सिलरेटरवर काम करतो. मधल्या टप्प्यात सुई आणि हळू चालताना पायलट जेट लागतो, म्हणजे तिन्ही जुळवावे लागतात. शिवाय 2018 च्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धुरातले प्रदूषण कमी करणारा उत्प्रेरक असतो. तो गेला की पीयूसीची आणि कायद्याची अडचण उभी राहते. इरिडियम प्लग टिकतो जास्त, पण चांगल्या स्थितीतील साध्या प्लगपेक्षा गाडी त्यामुळे वेगाने पळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात नाही, ती म्हणजे हवा. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटरवर आहे. उंचीच्या दर 100 मीटरला हवेची घनता साधारण एक टक्क्याने घटते, त्यामुळे वाई सोडून वर पोहोचेपर्यंत इंजिन पाच-सहा टक्के ताकद गमावते आणि कार्ब्युरेटरचे मिश्रणही थोडे घट्ट (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते. हा फरक कोणताही रोलर भरून काढत नाही. मागे नेहमीच कोणी बसणार असेल तर पुढची गाडी घेताना 125 सीसीचा विचार करावा, हे मी विक्रेत्यांच्या बाजूने नव्हे तर आपल्या बाजूने सांगत आहे.

प्रश्न : मी स्कूटरला बरेच हलके रोलर बसवले आहेत. सिग्नलवरून गाडी झेपावते, परंतु 60 नंतर नुसता आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि मायलेजही पडले आहे. मेकॅनिक म्हणतात, सायलेन्सर बदलल्यावर ठीक होईल. खरे आहे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सायलेन्सरचा याच्याशी संबंध दिसत नाही. एक तर रोलर इतके हलके आहेत की बेल्ट पुढच्या पुलीवर वरपर्यंत पोहोचतच नाही, किंवा बेल्ट अथवा क्लच घसरत आहे. यांतील पहिली शक्यता पडताळण्याची सोपी रीत अशी आहे : कव्हर काढून पुढच्या पुलीच्या स्थिर तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढावी, कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर नियमात बसेल एवढ्या वेगाने एक फेरी मारावी आणि परत उघडून पाहावे. बेल्टने जिथपर्यंत रेघ पुसली असेल तिथपर्यंतच तो चढला. बाहेरच्या कडेला बोटभर रेघ शाबूत राहिली असेल तर रोलर जड करावेत, इतके साधे उत्तर आहे. रेघ जवळपास पूर्ण पुसली गेली असेल तर व्हेरिएटर निर्दोष आहे आणि क्लच तपासावा. गोल रोलरऐवजी कोनदार स्लायडर बसवले असतील तर तेही पाहावे, कारण त्यांना बसवण्याची दिशा असते आणि उलटे बसवल्यास ते अडकतात.

आपला व्हेरिएटर अनेकदा उघडला गेला आहे असे पत्रावरून दिसते, म्हणून जोडणीबद्दल एक सूचना करतो. पुढची पुली आवळण्यापूर्वी बेल्ट मागच्या पुलीत दोन्ही हातांनी खोल दाबून पुढे ढिला करून घ्यावा लागतो. तसे न करता नट आवळला तर बेल्ट तबकडी आणि मधल्या बुशच्या बेचक्यात सापडतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि काही किलोमीटरनंतर बेल्ट मोकळा होताच नटही ढिला पडून क्रँकचे आटे खराब करतो. रोलरचा संच काहीशे रुपयांचा असतो. क्रँक बदलायचा म्हणजे इंजिन खोलणे आले. पुली धरण्याचे हत्यार आणि टॉर्क रेंच जिथे आहे, अशाच ठिकाणी हे काम करून घ्यावे.

प्रश्न : माझी 125 सीसीची बीएस-6 स्कूटर आहे. तिला ‘पिगीबॅक’ ईसीयू आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लावला तर पॉवर किती वाढेल? पोलीस अडवतील काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर या वर्गात कार्ब्युरेटर जवळजवळ संपला आणि फ्युएल इंजेक्शन आले. आपल्या गाडीचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक संच) ऑक्सिजन सेन्सरचे संकेत वाचून पेट्रोलचे प्रमाण सतत दुरुस्त करत असतो. पिगीबॅक उपकरण मधल्या मध्ये संकेत बदलून त्याला फसवते. मूळ ईसीयू काही मर्यादेपर्यंत ती फसवणूक पुन्हा दुरुस्त करतो आणि त्यापलीकडे इंजिनाचा दिवा लावतो. एकटा सायलेन्सर बदलून डायनोवर (शक्ती मोजण्याच्या यंत्रावर) मोजता येईल असा लाभ क्वचितच होतो. मोठ्या आवाजामुळे वेग जास्त वाटतो, हा मात्र अनेकांचा प्रामाणिक अनुभव असतो.

अपेक्षा किती ठेवावी यासाठी कारखान्याचेच उदाहरण पाहावे. टीव्हीएसच्या एन्टॉर्क 125 चे 124.8 सीसीचे बीएस-6 इंजिन सुमारे 9.4 पीएस (पीएस म्हणजे जवळपास एक अश्वशक्ती) शक्ती देत होते. 2021 मध्ये आलेल्या रेस एक्सपी आवृत्तीत तेच इंजिन 10.2 पीएसपर्यंत नेले गेले. डायनो, प्रयोगशाळा आणि ईसीयूचा मूळ प्रोग्रॅम हाताशी असलेल्या कंपनीने विक्रीच्या गाडीत एक पीएसहून कमी वाढ केली. काही हजारांच्या डबीकडून तीन-चार पीएसची आशा धरण्याआधी याचा विचार करावा.

कायद्याचे म्हणाल तर पोलीस अडवू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तिकेतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करण्यास मनाई आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम 190(2) वेगळे लागते. त्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यावर गदा अशी तरतूद आहे. रोलर, बेल्ट, क्लच शू यांसारख्या बदलांनी नोंदणीपुस्तिकेतील कोणताही तपशील बदलत नाही, त्यामुळे आपली हौस त्या कव्हरच्या आत भागवणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : 110 सीसीच्या स्कूटरला 54 मिलिमीटरचा मोठा सिलिंडर-पिस्टनचा संच बसवता येतो असे ऐकले. बसवावा काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रस्त्यावर वापरायच्या गाडीला बसवू नये. 50 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 55.6 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेल्या इंजिनात 54 चा पिस्टन घातला की आकारमान 109 वरून सुमारे 127 सीसी होते आणि नोंदणीपुस्तिकेतील आकडा तिथल्या तिथे खोटा ठरतो. अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला हे आयते कारण मिळते. यांत्रिक बाजूने पाहिले तर क्रँकचे बेअरिंग, थंड करणारा पंखा, बेल्ट आणि ब्रेक हे सगळे मूळ इंजिनाच्या मापाचेच राहतात. बंद ट्रॅकवर, सुटे इंजिन घेऊन शिकायचे असेल तर तो उत्तम अभ्यास आहे.

प्रश्न : वडिलांची 1990 च्या दशकातली कायनेटिक होंडा मी पुन्हा चालती केली आहे. तिला एक्स्पान्शन चेंबर प्रकारचा सायलेन्सर आणि मोठा कार्ब्युरेटर लावावा असे मित्र म्हणतात. आपले मत काय?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आपल्याच जिल्ह्याशी आणि पुण्याशी नाते असलेल्या उद्योगाची ही गाडी अजून चालती आहे, हे वाचून आनंद झाला. 98 सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनाला मात्र वरच्या उत्तरांतला सायलेन्सरविषयीचा नियम लागू होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच कार्यकारी भाग असतो : एक्स्पान्शन चेंबरच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, त्यामुळे खरोखरच ताकद वाढते. पण ही लाट फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच वेळेवर पोहोचते. म्हणून असा सायलेन्सर लावायचा झाल्यास त्याच पट्ट्यात इंजिन धरून ठेवणारे रोलरही सोबत जुळवावे लागतात आणि मेन जेट मोठा करावा लागतो; नुसता सायलेन्सर लावलेली गाडी शहरात मूळपेक्षा मंद वाटते.

तरीही आपल्या गाडीला मी हे आज सुचवणार नाही. इतक्या वर्षांच्या इंजिनात क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असतात. तिथून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होते आणि ताकद वाढवलेल्या इंजिनाचा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. आधी दोन्ही सील बदलावेत, ऑइल पंपाची केबल खुणेवर जुळवावी, जुन्या सायलेन्सरमधला कार्बन काढून टाकावा. कोंडलेला सायलेन्सर मोकळा झाल्यावर गाडीत जो फरक पडतो, त्यानंतर मोठ्या कार्ब्युरेटरची आठवणही बहुधा राहणार नाही. मूळ सायलेन्सर भंगारात मात्र देऊ नये. तो आता सहज मिळत नाही.

प्रश्न : पिकअप वाढवल्यावर ब्रेक आणि टायर बदलणे आवश्यक आहे काय? मागे एक माप रुंद टायर बसवावा असा विचार आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे तर क्रम उलटा असावा; ब्रेक, टायर आणि मागचा शॉक ॲब्सॉर्बर आधी, पिकअप नंतर. रुंद टायर घेऊ नये, कारण स्कूटरच्या मागच्या चाकाला डावीकडे सीव्हीटीचा डबा आणि उजवीकडे सायलेन्सर अशी दोन्हीकडून जागा मोजकीच असते आणि टायर जड झाला की रोलरने मिळवलेले बरेचसे तिथेच खर्च होते. मूळ मापाचा, पण अधिक पकड असलेल्या रबराचा टायर घ्यावा आणि खरेदी करताना बाजूवर कोरलेले चार आकडे पाहावेत. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ड्रम ब्रेक असल्यास शू बदलताना ड्रमच्या आत उमटलेली कड तपासावी आणि कॉम्बी ब्रेक असल्यास डावा लिव्हर दाबल्यावर पुढचे चाकही धरते ना, हे गाडी स्टँडवर लावून दुसऱ्या माणसाकरवी पाहून घ्यावे. नुसती मागची केबल आवळून गाडी परत दिली जाते आणि पुढचा ब्रेक कित्येक महिने ढिलाच राहतो, असे फार ठिकाणी घडते.